काचिताच्या नावाची वेणी

रुफिनामावशीचे केस तिचे नव्हते. आमच्या सान्तियागोतल्या तिवोलीच्या चढावर हे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. ते कोब्रेच्या मरियामातेचे होते. तिला आम्ही सगळे लाडाने काचिता म्हणतो. मावशीने ते फक्त सांभाळायला घेतले होते. शनिवारी दुपारी ती उंबऱ्यावर बसायची, डोक्याचं पांढरं फडकं सोडायची, आणि मी मागे उभी राहून एरंडेल चोळायची. वेणी मोकळी केली की केस पाठीवरून ओघळत थेट जमिनीला टेकायचे. मग समोरच्या दारातून माझी आई चेन्चा ओरडायची, "अगं पोरी, उचल ते! काचिताच्या केसांना कोंबड्यांची घाण लागेल!"

"लागू दे," मावशी म्हणायची. "तिलाही कळू दे आम्ही कुठे राहतो ते."

मावशी प्रू विकायची. डोंगरातल्या मुळ्या आणि वेली उकळायच्या, साखर घालायची, बाटल्यांत भरून उन्हात आंबवायचं. बुचं दोरीने करकचून बांधावी लागतात, नाहीतर बाटली आपली आपणच उडते, बंदुकीचा बार झाल्यासारखी. सगळ्या चढावर मावशीचा प्रू सगळ्यांत जास्त उडायचा, आणि तिला त्याचा अभिमान होता. "ज्याला जोर नाही तो प्रू कसला? ते सरबत!"

स्पॅनिशांविरुद्धचं युद्ध सुरू झालं त्या वर्षी तिचा एकुलता एक एलादिओ घरात कुणाला न सांगता डोंगरात निघून गेला, लढणाऱ्यांमध्ये. मावशी कोब्रेला चालत गेली. तेव्हा सगळ्याच आया जायच्या. देवळामागच्या नवसाच्या खोलीत चांदीचे पाय, मेणाचे हात आणि कापलेल्या वेण्या खिळ्यांना टांगलेल्या असतात; तिथे एक खिळा मनात धरून ती परत आली. आई दारातच उभी होती.

"काय मागितलंस?"

"क्युबा."

"म्हणजे?"

"म्हणजे क्युबा. चौकातल्या कचेरीवर परका झेंडा नसेल आणि रस्त्यात परका शिपाई नसेल, त्या दिवशी मानेपासून केस कापीन आणि स्वतःच्या पायांनी आणून टांगीन, असं म्हटलं तिला."

"आणि एलादिओ?"

मावशी फडकं सारखं करू लागली.

"रुफिना, एलादिओचं काय मागितलंस?"

"देश सुटला की पोरगं घरी येईलच ना. एकात दुसरं आलं. तिला दोन दोन गोष्टी सांगून कशाला पिडायचं?"

आईने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, बाया पोरगा मागतात! फार तर पोरगा दोन्ही पायांनिशी मागतात! देश कोण मागतं? काचिता काय तो पाटीत घालून तुझ्या दारात आणून देणार आहे?"

"तिला जमत नसतं तर तिने सांगितलं असतं," मावशी म्हणाली. पुढे कितीतरी वर्षं आई हे वाक्य मावशीच्या पाठीमागे हुबेहूब तिच्या आवाजात म्हणून दाखवायची. पहिल्यांदा हसायला यायचं.

शेजारी सातुर्निनो न्हावी. एलादिओचा बाप्तिस्मा झाला तेव्हा हाच धर्मपिता होता, म्हणून तो मावशीला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोंपाद्रे. नवसाची बातमी ऐकली तसा तो बंदरावरच्या फ्रेंच दुकानात गेला आणि एक नवी कात्री घेऊन आला. लांब पात्यांची. तिला चरबी लावली, निळ्या फडक्यात गुंडाळली आणि आरशामागे ठेवली.

"हिने दुसऱ्या कुणाचा एक केस कापणार नाही," तो म्हणाला. "आधी तुझी वेणी, मग मी दुकान बंद करणार."

"दुकान बंद करून काय करशील, कोंपाद्रे?"

"उंबऱ्यावर बसून स्वतंत्र देशातल्या पोरांचे वाढलेले केस बघत बसेन. आणि म्हणेन, दुसरा न्हावी शोधा."

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडताना तो ओरडायचा, "कोमाद्रे, गंज चढतोय!" आणि आतून मावशी, "चरबी लाव!"

मग अमेरिकन जहाजं आली. शहराला वेढा पडला, तोफा झाल्या, आम्ही घोड्याचं मांसही खाल्लं. आणि जुलैत एका दुपारी बातमी आली, स्पॅनिश शरण आले. सातुर्निनो अंगात सदरा न घालताच रस्त्यावर धावला. परत येऊन त्याने आरशामागचं निळं फडकं खिशात घातलं. मावशीने प्रूची सगळ्यांत जुनी बाटली काढली आणि एलादिओचा इस्त्रीचा सदरा काखेत घेतला. मी त्यांच्या मागे.

चौकात खूप गर्दी होती. कचेरीवर झेंडा चढला. आम्ही मान वर करून बघत होतो. पट्टे होते, तारे होते; आपल्या झेंड्यासारखा एकच तारा नव्हता, पुष्कळ होते.

"हा आपला नाही," मावशी म्हणाली.

"थांब ना, आधी त्यांचा, मग आपला. पाहुण्याला आधी वाढतात," सातुर्निनो म्हणाला. पण त्याचा हात खिशातून बाहेर आला होता.

शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर काटेरी तार लावलेली होती. तारेच्या अलीकडे एक अमेरिकन शिपाई, कोवळा, उन्हाने उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. आणि पलीकडे आमची माणसं. तीन वर्षं लढलेली. झाडाच्या सालींनी कंबर बांधलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. त्यातला एक तारेपाशी आला, आणि हाक मारली तेव्हाच तो एलादिओ आहे हे आम्हांला कळलं. नवसाची बातमी डोंगरातही पोचली होती.

"आई, केस आहेत ना अजून?"

"आहेत. सातुर्निनो कात्री घेऊनच आलाय."

"त्याला म्हणावं, परत घेऊन जा."

"का? हरले ना ते?"

"हरले. पण आम्हांला आत सोडत नाहीत. म्हणे आम्ही सूड घेऊ, लुटालूट करू." आणि तो हसला, तसाच, लहानपणी हसायचा तसा, एका गालाने. "बघ माझ्याकडे. लुटून मी ठेवू कुठे? मला खिसासुद्धा नाही!"

सातुर्निनोने शिपायाला गाठलं. "ए पोरा! हा माझा धर्मपुत्र! हे शहर त्याचं आहे! तू कोण, कुठला, तुझी आई कोण?"

शिपाई त्याच्या भाषेत काहीतरी गोड बोलला आणि आम्हांला एक मांसाचा डबा देऊ लागला. मावशीने डबा घेतला नाही. तिने बाटली पुढे केली आणि तारेपलीकडे बोट दाखवलं. शिपायाने संशयाने बाटली हातात घेतली, दोरी सोडली, आणि फाट! बूच त्याच्या टोपीवरून गेलं. तो पटकन धुळीत बसला आणि बंदूक छातीशी धरली.

पलीकडे आमची माणसं हसायला लागली. उपाशी माणसं एकमेकांना धरून हसत होती. "वाचला रे! रुफिनाच्या तोफखान्यातून वाचला!" एलादिओ ओरडला. शिपाईही लाजून हसला, फेसाचा एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि बाटली तारेतून पलीकडे दिली. सदराही दिला. सगळे हसत होते. तार मात्र त्याने उघडली नाही.

परतीच्या वाटेवर मावशी म्हणाली, "चांगलं पोरगं होतं."

"तेच तर," सातुर्निनो म्हणाला.

एलादिओ घरी आला तो बऱ्याच दिवसांनी, बंदुकीशिवाय. अमेरिकनांनी शहर धुऊन काढायला घेतलं होतं. मेलेली कुत्री उचलली, गटारं उपसली, भिंतींना चुना मारला. खरं सांगायचं तर इतकं स्वच्छ सान्तियागो आम्ही कधी पाहिलं नव्हतं. झाडायला माणसं हवी होती. मजुरीत पीठ आणि मांस मिळायचं. एलादिओ झाडूवाल्यांत गेला.

"तीन वर्षं बंदूक आणि आता झाडू," सातुर्निनो म्हणाला.

"झाडू बरा, काका. निदान समोर काय आहे ते दिसतं." मग तो मावशीकडे वळायचा. "केस दाखव. आहेत? ठेव. हे साफसफाई करून जातील म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात."

पुढच्या उन्हाळ्यात ताप आला. कुणी म्हणे पिवळा, कुणी म्हणे दुसरा. आधी एलादिओ आडवा झाला, मग त्याच्या उशाशी बसलेली मावशी. साफसफाईवाली टोळी आली, दारावर पिवळं फडकं लावलं, प्रूच्या बाटल्या दगडावर फोडल्या आणि दोघांना गाडीत घालून खाडीपलीकडच्या तापाच्या छावणीत नेलं. बाटल्या फुटत असताना बार होत होते, आणि कुणीच हसत नव्हतं.

छावणीत काय झालं ते मावशीने मला एकदाच सांगितलं. शुद्ध आली तेव्हा अंगावर पांढरी चादर होती, कुणीतरी चमच्याने सूप भरवत होतं. तिने मान हलवली तर डोकं हलकं लागलं. हात वर नेला, तर भादरलेलं.

"माझे केस कुठे आहेत?"

दुभाष्या आला. भला माणूस होता. "जाळले, बाई. तापाचे नियम आहेत. सगळ्यांचेच जाळतात."

"ते माझे नव्हते."

"मग कोणाचे होते?"

"काचिताचे."

दुभाष्याने डॉक्टरला समजावून सांगितलं. डॉक्टर वाकला, त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. "डॉक्टर म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही वाचलात. केस पुन्हा वाढतील."

"आणि माझा मुलगा?"

हे दुभाष्याने डॉक्टरला विचारलंच नाही. त्याला माहीत होतं.

मावशी घरी आली ती दिवसाढवळ्या, चढ चढत, एकटी. सगळी दारं उघडी होती. सातुर्निनो एकाच्या गालाला साबण लावत होता, तो ब्रश हातात धरूनच बाहेर आला.

"कोमाद्रे..."

तिने डोक्याचं फडकं काढलं. आतून दाढीच्या खुंटासारखे पांढरे केस. "तुझी कात्री वाचली, कोंपाद्रे," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "आता तू बोल, चेन्चा. गळ्याशी आलंय ना तुझ्या? बोल. पोरगा मागितला असतास तर."

 आईने मावशीचे दोन्ही हात धरले आणि तिथेच रस्त्यात खाली बसली. त्यानंतर आईने तिच्या आवाजाची नक्कल कधी केली नाही.

मला वाटलं होतं, मावशी आता नवस सोडील. नवसाचे केसच राहिले नाहीत तर फेडायचं काय? पण पुढच्याच शनिवारी तिने हाक मारली, "एरंडेल आण." दोन बोटांत धरताही येणार नाहीत एवढेच केस होते. मी टाळूवर नुसतं तेल चोळलं.

"मावशी, काचिता समजून घेईल गं."

"तिने समजून घ्यायचा प्रश्नच नाही. शब्द मी दिलाय. केस गेले, शब्द कुठे गेला?"

केस आले, पण पूर्वीचे नव्हते. विरळ, राखेच्या रंगाचे, टोकांशी तुटणारे. खांद्यावर टेकायला लागले तेव्हा अमेरिकनांनी सांगितलं की ते जाणार. मे महिन्यात खरंच कचेरीवरचा त्यांचा झेंडा उतरला आणि आमचा चढला, एकच तारा असलेला. सगळ्या देवळांच्या घंटा वाजत होत्या. सातुर्निनो निळं फडकं फडकवत आला.

"बस खुर्चीत! खांद्यापर्यंत आहेत, चालतील. काचिता काय टेप घेऊन बसलीय मोजायला?"

मावशी बसली. त्याने तिच्या गळ्याभोवती चादर बांधली. तिचा चेहरा मी आरशात पाहिला. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा म्हातारी नाही, तरुण दिसत होती.

"कोंपाद्रे, तू पेपर वाचतोस ना. सगळे गेले?"

"गेले! जहाजात बसताना मी पाहिले."

"परत येणार नाहीत?"

सातुर्निनोची कात्री हवेत थांबली. गेलं वर्षभर त्याच्याच दुकानात हीच भांडणं चालायची. आमच्या नव्या राज्यघटनेत त्यांनी एक कलम बसवायला लावलं होतं: त्यांना गरज वाटेल तेव्हा ते उतरू शकतात. शिवाय त्यांच्या जहाजांना आमची जागाही द्यायची. सहीशिवाय ते जायला तयार नव्हते, म्हणून आमच्या लोकांनी सही केली होती.

"यायचं लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "पण लिहिलेलं सगळं थोडंच होतं?"

मावशीने गळ्याची चादर स्वतःच सोडली. "म्हणजे भाडेकरू गेला नाही. किल्ली खिशात घालून बाहेर गेलाय."

"कोमाद्रे, आजच्या दिवशी असं बोलू नकोस गं. बाहेर पोरी नाचतायत."

"मग मीही नाचते. नाचायला कुठे नवस लागतो?" आणि ती खरंच नाचली. भर उन्हात, डोक्याला फडकं बांधून, सातुर्निनोचा हात धरून, चढाच्या अगदी वरपर्यंत. पण कात्री पुन्हा आरशामागे गेली.

त्यानंतर तिला वेडी म्हणणारेही निघाले. "अगं, राष्ट्राध्यक्ष आहे, नाणी येणार, शाळा आहेत, तुझा एकटीचाच देश अजून यायचाय का?" नव्या सुना तिच्याकडून प्रू घेताना विचारायच्या, "मावशी, आज तरी झालो का आपण स्वतंत्र?" आणि ती म्हणायची, "खिडकीतून बघून सांगते." पूर्वेच्या अंगाला ग्वान्तानामोच्या खाडीत त्यांच्या आरमाराने मुक्काम केला होता. ते तिच्या खिडकीतून दिसत नव्हतं. दिसत असल्यासारखी ती बघायची.

वेणी कमरेला लागली त्या वर्षी आमच्याच पुढाऱ्यांची आपसांत मारामारी झाली आणि अमेरिकन परत आले. कलमाप्रमाणे. ऑक्टोबरात बंदरावरून शिपाई चढ चढत वर येताना मी मावशीजवळच उंबऱ्यावर होते. त्यांतला एक, दाढीत पांढरे केस आलेला, आमच्या दाराशी थांबला. त्याने बाटल्यांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"प्रू!" तो म्हणाला.

मावशीने नाणं घेतलं आणि बाटली दिली. त्याने बाटली अंगापासून दूर धरली, तोंड रस्त्याकडे केलं, अंगठ्याने दोरी सरकवली. फाट! तो वाकला नाही. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. मजेत पीत पुढच्या वळणावर गेला, आणि कुणालाही न विचारता बरोबर त्या बोळात वळला, जो आमच्याच लोकांना चुकवतो.

मावशी खूप वेळ त्या बोळाकडे बघत होती.

"मावशी?"

"त्याला वाट माहीत आहे गं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने दोऱ्या घट्ट बांधणं सोडलं. बाटल्यांतला जोर आपोआप निघून जायचा. लोक म्हणाले, प्रू बिघडला. ती म्हणाली, "मग सरबत म्हणून प्या."

ती खाटेला खिळली तेव्हाही ते इथेच होते. शेवटच्या दुपारी मी, आई आणि सातुर्निनो तिच्याजवळ होतो. सातुर्निनोचे हात तेव्हा कापायला लागले होते. गिऱ्हाईकं दाढीला दुसरीकडे जायची. मावशीने डोळे उघडले.

"कोंपाद्रे. कात्री आहे?"

"आहे."

"धार?"

"केस हवेत सोड, दोन होतील."

"आणि ते?"

"कोण, कोमाद्रे?"

"ते."

आई सातुर्निनोकडे बघत होती. मीही. एक शब्द. एवढाच एक शब्द त्याला खोटा बोलायचा होता. तो उठला, खिडकीपाशी गेला, खाली बंदराकडे बघत राहिला. बराकीवरच्या बिगुलाचा आवाज येतच होता. तिलाही येत असणार.

"आहेत," तो म्हणाला.

"मग राहू दे."

तिने भिंतीकडे तोंड केलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

अंघोळ घालताना आईने तिची वेणी हातात घेतली. पातळ झाली होती, दोरखंडाची नुसती सुतळी राहावी तशी. "सातुर्निनो, काप," आई म्हणाली. "ही पोरगी कोब्रेला नेऊन टांगेल. बिचारी मोकळी तरी होईल."

"नाही."

"अरे, मेली ती! आता कोण विचारतंय?"

"जिला द्यायची ती विचारेल. देश सुटला का, विचारेल. तू काय सांगशील, चेन्चा? मी काय सांगू?"

"सांग की दमली होती!"

"ती कधी म्हणाली, दमले म्हणून?"

आई वेणी धरून रडत राहिली. सातुर्निनोने ती तिच्या हातातून सोडवून घेतली, विस्कटलेली टोकं पुन्हा विणली आणि मावशीच्या खांद्यावरून पुढे छातीवर ठेवली. तशीच तिला पेटीत घातलं. कोब्रेच्या त्या खोलीत तो खिळा रिकामा असेल, किंवा दुसऱ्या कुणाची वेणी असेल. मी बघायला गेले नाही.

सोमवारी बराकीत कसलीतरी तपासणी होती. सातुर्निनोकडे कधी नव्हे ती गर्दी झाली. चार अमेरिकन शिपाई बाकावर, दोन दाराला टेकून. मी त्याला कॉफी द्यायला गेले होते. त्याची रोजची कात्री पहिल्याच मानेवर अडकायला लागली, केस कापण्याऐवजी ओढू लागली. शिपाई हसत "आई गं" असं आमच्या भाषेत म्हणाला. सातुर्निनोने ती कात्री बाजूला ठेवली. थोडा वेळ आरशात बघत उभा राहिला. आरशात तो होता आणि त्याच्या पुढ्यात ती लाल मान.

मग त्याने आरशामागे हात घातला, निळं फडकं सोडलं, पात्यांवरची चरबी पुसली.

कात्रीला खरंच धार होती. आवाजसुद्धा आला नाही. पिवळे केस फरशीवर पडत राहिले. काम झाल्यावर त्याने शिपायाच्या मानेवरची चादर झटकली आणि बाकाकडे बघितलं.

"पुढचा," तो म्हणाला.